वजा शंभर, नाबाद

समालोचकांच्या यादीत सर्वांत खाली जो माणूस होता, त्याला अख्ख्या सामन्यात "अरे बापरे" आणि "काय सांगावं" याखेरीज तिसरं वाक्य सुचत नाही. त्याच्या फोटोच्या जागी एक बोकड होता. कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळालेला असावा, गळ्यात झेंडूचा हार होता. मी मोबाइलचा पडदा बोटाने खाली, आणखी खाली ढकलत त्या बोकडापर्यंत पोचले, आणि बोकडाच्या खाली पडदा कोरा होता.

मी कुठेच नव्हते.

बोकडाच्या खाली असते तर मी चिडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या आणि चहा ठेवला असता. शेवटचा नंबर मला नवा नाही, शाळेत गणितात तो माझा राखीव होता. पण शेवटचा नंबर हासुद्धा नंबर असतो. इथे मला कुणी खाली ढकललं नव्हतं. मी जणू जन्मालाच आले नव्हते.

मी क्रिकेटची समालोचक आहे. पनवेलच्या आसपासच्या गावांत भातकापणी झाली की शेतं रोलर फिरवून सपाट होतात. जी काही शेतं अजून शेतं आहेत ती, बाकीच्यांवर टॉवर उभे आहेत. बांबूचा मंडप पडतो, भोंगे बांधले जातात आणि पावसाळ्यापर्यंत दर रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धा चालतात. त्यातली सगळ्यांत लाडकी स्पर्धा म्हणजे चाळीस प्लस. म्हणजे चाळिशी पार केलेल्यांनीच खेळायचं. तिथे धाव घेताना पोट आधी पोचतं आणि माणूस मागून येतो. गावातली जावयापासून व्याह्यापर्यंत सगळी माणसं मैदानावर असतात, आणि त्या सगळ्यांच्या आयांना, बायकांना आणि खोडींना ओळखणारी मी माईकवर.

माईक माझ्या हातात आला तो चहामुळे. मी बारशांत आणि हळदींत निवेदन करायचे तेव्हाची गोष्ट. एका स्पर्धेत मंडपात चहा घेऊन गेले, तर समालोचकाचा घसा ऐन सामन्यात बसलेला. तो हाताने खुणा करत होता आणि भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. मी किटली ठेवली आणि माईक उचलला. तेवढ्यात फलंदाजाने चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला. मी म्हटलं, "चेंडू गेला बिल्डरच्या भिंतीपलीकडे. मंडळी, आता तो चेंडूही बिल्डरचाच." मैदान असं हसलं की गोलंदाजाला रनअप पुन्हा घ्यावा लागला. तेव्हापासून मला बोलावणी येऊ लागली. उरणपर्यंत गेले, चिरनेरला गेले. तिथल्या आज्या खुर्च्या घेऊन भोंग्याजवळ बसतात, क्रिकेट त्यांना कळत नाही आणि माझ्या समालोचनाला कळण्याची गरजही नाही.

गेल्या हंगामात फोन वाजायचा थांबला. दोन रविवार घरी बसले. तिसऱ्या रविवारी शेजारच्या गावातला एक आयोजक बाजारात भेटला.

"यंदा विसरलास काय रे मला?"

"नाय ओ काकी," तो ओशाळून म्हणाला, "आता आमी सगलं ॲपवरच बघतो. खेलाडू, पंच, समालोचक. तुमी त्याच्यात नाय. आमाला वाटलं तुमी सोडलं."

मी त्या ॲपवर माझं नाव टाकलं होतं. फोटोसकट, पैठणीतला. आणि ते ॲप बनवणारी माझी सख्खी भाची! बहिणीची मुलगी, रोडपालीला राहते, दिवसा कंपनीची कामं करते आणि आमच्या गावाच्या क्रीडा मंडळासाठी हे ॲप तिने हौसेने करून दिलेलं. मंडळाचं ॲप बघता बघता आजूबाजूच्या सगळ्या गावांनी उचललं होतं. मी बाजारातच मोबाइल काढून त्या बोकडापर्यंत यादी तपासली आणि पिशवी घेऊन तशीच रिक्षाने रोडपाली गाठली.

"मला मारलंस," मी दारातच जाहीर केलं.

"मावशी, आत तर ये."

"मेलेली बाई आत कशी येणार?"

तिने लॅपटॉप उघडला. आधी म्हणाली, तुझं नाव आहे. मग म्हणाली, आहे पण येत नाही. मग ती एकदम गप्प झाली. माझी भाची गप्प होते तेव्हा समजावं की चूक सापडली आणि ती तिचीच आहे.

"मावशी, फिल्टर आणि स्कोअर यांत फरक असतो. तुला कसं सांगू?"

"क्रिकेटमध्ये सांग."

तिने जरा विचार केला. "स्पर्धेच्या दिवशी मैदानाच्या तोंडाशी टेबल टाकून एक माणूस बसतो, बरोबर? आधार कार्ड बघतो. गावचा आहेस का, चाळीस पूर्ण आहेत का. हो किंवा नाही. तू सहा चेंडूंत सहा षटकार मारतोस का, हे तो विचारत नाही. तो फिल्टर. आणि आत मंडपात स्कोअरर बसतो. कुणी किती धावा केल्या ते तो मांडतो. तू कुठल्या गावचा हे त्याला नको असतं. तो स्कोअर. तू ॲपवर काही शोधलंस की यंत्र ही दोन्ही कामं करतं. आधी टेबलवाला लोकांना आत सोडतो नाहीतर परत पाठवतो. मग जे आत आले त्यांनाच स्कोअरर वर-खाली लावतो."

"म्हणजे टेबलवाल्याला धावा मोजता येत नाहीत."

"नाही."

"आणि स्कोअररला कुणाला हाकलता येत नाही."

"अगदी बरोबर."

"मग मला टेबलवाल्याने हाकललं. कशावरून?"

भाचीने नखाने टेबलावरचं पापुद्र्यासारखं काहीतरी खरवडलं. "मी आधी खेळाडूंचा शोध लिहिला. चाळीस प्लसचा. त्यात फिल्टर होते ते गाव, वय, तारीख आणि... पुरुष. मग समालोचकांसाठी तोच उचलून ठेवला. गाव आणि वय काढलं. पुरुष राहून गेलं."

राहून गेलं! भाजीत मीठ राहून जातं तसं!

"पण पुरुष हे फिल्टरमध्ये टाकायची गरजच काय होती गं? खेळाडूंमध्ये तरी?"

"पटकन होतं," ती म्हणाली. "हो-नाहीचं उत्तर यंत्र एकदा काढतं आणि लक्षात ठेवतं. पुन्हा कुणी विचारलं की तयार. गुण दर शोधाला नव्याने मोजावे लागतात. म्हणून जमेल तेवढं मी फिल्टरमध्ये ढकललं. ॲप झरझर चालतं."

"तुझ्या झरझरीत मी चिरडले."

"पण मावशी, कुणी एकानेही तक्रार केली नाही!"

आणि तिथेच मला खरी गोम कळली. तक्रार कोण करणार? शोधणाऱ्याला भरलेली यादी दिसते, त्याला वाटतं जगात समालोचक आहेत ते एवढेच. आणि जो गळला त्याला कुणी कळवत नाही. खालचा नंबर मिळाला की माणूस निदान बोंब मारतो. गाळलेला माणूस घरात बसून म्हणतो, यंदा फोन वाजत नाही बाई, मीच म्हातारी झाले असेन. मी खरंच तसं म्हटलं होतं, दोन रविवार.

मग मला चेव आला. "सगळे फिल्टर काढ! एकही ठेवू नकोस! होऊ दे सगळ्यांचे गुण!"

भाची हसली आणि तिने काढले, नुसतं मला दाखवण्यापुरते. मग येत्या रविवारचा समालोचक शोधला. पहिल्या नंबरावर आमच्या भागातला सगळ्यांत गाजलेला आवाज. छानच की! फक्त त्या रविवारी तो अलिबागला होता. चाळीस प्लसचा खेळाडू शोधला, तर सर्वांत वर एकोणीस वर्षांचा वेगवान गोलंदाज. त्याच्यासमोर आमच्या गावचे व्याही उभे केले असते तर स्पर्धेऐवजी दवाखाना उघडावा लागला असता.

"तारखेला माणूस मोकळा आहे किंवा नाही," भाची म्हणाली. "थोडासा मोकळा असं काही नसतं. ते फिल्टरमध्येच हवं. पण आवाज कसा, अनुभव किती, लोकांना आवडतो का, हे 'किती'चे प्रश्न. ते गुणांत."

"आणि बाई असणं?"

"ते कशातच नको."

"शाबास. आत्ता काढ."

तिथे ती अडखळली. ॲप मंडळाचं होतं. बदल करायचा तर मंडळाला विचारून करायचा, असं तिनेच ठरवून दिलं होतं. आता स्वतःचाच नियम ती कसा मोडणार? तर मंडळ.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष नात्याने माझे दीर लागतात. गावात सगळेच कुणीतरी लागतात, पण हे जरा जास्त लागतात. चाळीस प्लस संघाचे सलामीचे फलंदाजही तेच. का, तर बॅट त्यांची असते. समाजमंदिरात बैठक भरली. मंडळाचे सगळे पुरुष सतरंजीवर, भाची लॅपटॉप घेऊन एका खुर्चीवर, आणि मी दुसऱ्या खुर्चीवर मुद्दाम मधोमध.

"वयनी," अध्यक्ष मायेने म्हणाले, "तुमी तर आमच्या घरच्याच. तुमाला ॲप कशाला पायजे?"

"घरची आहे म्हणून बाहेर उभी का, भावजी?"

"तसा नाय ओ. पन लोकांना सवय हाय आवाजाची. बाईचा आवाज भोंग्यावर आला का लोकांना वाटतं हळदीचा कार्यक्रम चालू झाला."

सतरंजीवर हशा. मीही हसले, कारण विनोद बरा होता आणि मला त्याची पुढे गरज पडणार होती.

बराच वेळ वाद झाला. शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. फिल्टर काढायचा, पण बाई असेल तर शंभर गुण वजा. म्हणजे नाव दिसेल आणि लोकांच्या सवयीलाही धक्का नाही.

भाची खुर्चीवरून उठलीच. "काका, हा शुद्ध अपमान आहे!"

"मंजूर," मी म्हणाले.

"मावशी!"

"मंजूर म्हटलं ना. लावा वजा शंभर."

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी घर विकून आले. पण मी मनातल्या मनात हिशोब केला होता. वजा शंभरने मी बोकडाच्या खाली जाणार होते, हे खरं. पण जाणार होते पानावर. स्कोअररला कुणाला हाकलता येत नाही, हे तीच मला सांगून चुकली होती. मैदानात पाय तर ठेवू दे, धावांचं मग बघू.

अध्यक्षांनाही माझ्या एवढ्या पटकन मंजुरीत काहीतरी वास आला असणार. ते दाढी खाजवत म्हणाले, "आनि अजून एक करूया. ज्याचे गुण शून्याच्या खाली, त्याला दाखवाचाच नाय. उगाच लोकांना लांबलचक यादी कशाला?"

आता मात्र मी उभी राहिले. पदर खोचला. तो खोचायची काही गरज नव्हती, पण सभेला कळावं लागतं.

"भावजी, तुम्ही टेबलवाल्यालाच स्कोअररचा शर्ट घालून आणलात. वजा शंभर लावणार, आणि शून्याखालच्यांना दार लावणार. म्हणजे पुन्हा मी बाहेर, आणि वर म्हणायला मोकळे की आम्ही तर गुण दिले होते! ठीक आहे. नियम तर नियम. मग खेळाडूंनाही हाच लावू. बाळा, यांचे गुण वाच गं."

भाचीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्या बहिणीचं लहानपणचं हसू आलं. ॲपवर खेळाडूंना धावांचे गुण मिळायचे, सुटलेल्या झेलांचे वजा व्हायचे. तिने लॅपटॉप वळवला आणि शांतपणे वाचायला सुरुवात केली. चाळीस प्लस संघातली एकेक पोटं सतरंजीवर आत ओढली गेली. अध्यक्षांचा नंबर आला तेव्हा तिने आवाज जरा हळू केला, नात्याची बूज राखून. पण सगळ्यांनी ऐकलं. आदल्या हंगामात त्यांनी धावांपेक्षा झेल जास्त केले होते, म्हणजे सोडले होते.

"शून्याखाली दार लावलं," मी म्हणाले, "तर आपल्या संघात यष्ट्या तेवढ्या उरतील."

"बरं बरं, नको ता नियम," अध्यक्ष घाईने म्हणाले. "यादी लांब असली तं असू दे. बोटं कशाला दिलीत देवानी?"

अशी मी यादीत आले. लाल अक्षरांत, बोकडाच्या खाली. ॲपवर एकही सामना नाही म्हणून मूळचे गुण शून्य, आणि नावापुढे वजा शंभर. भाची आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. फोन तर तरीही वाजला नाही. खरं सांगायचं तर एक-दोनदा मलाही वाटून गेलं की मोठ्या रुबाबात नाक कापून घेतलं की काय आपण. कोण जातंय तळापर्यंत बोट सरकवत? लोक पहिल्या तीन नावांतच थांबतात.

आमच्या गावची चाळीस प्लस स्पर्धा जवळ आली. अध्यक्षांनी यादीतला पहिला नंबर, तो गाजलेला आवाज, आधीच ठरवून ठेवला होता. बॅनर लागले. त्यावर त्याचा फोटो अध्यक्षांच्या फोटोएवढा होता, म्हणजे विचार करा. आणि स्पर्धेच्या तोंडावर गावातले सगळ्यांत जुने आजोबा गेले. आमच्याकडे गावात सुतक असताना भोंगा वाजत नाही. लग्नाचा नाही, देवाचा नाही, क्रिकेटचाही नाही. स्पर्धा पुढे ढकलली. पुढचा मोकळा रविवार आला तो नेमका भर हंगामातला. त्या दिवशी पनवेल ते उरण एकही सपाट शेत रिकामं नव्हतं.

माझा फोन वाजला तेव्हा मी बोंबील निवडत होते.

"वयनी," पलीकडून अध्यक्ष, "ता ॲप बिघडलंय वाटतं."

"का हो भावजी?"

"समालोचक शोधला. रविवारची तारीख टाकली. फक्त तुमीच दिसताय."

मी बोंबील खाली ठेवले. असे क्षण आयुष्यात फार येत नाहीत, त्यांच्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत. टेबलवाल्याने आपलं काम चोख केलं होतं. तारखेला मोकळा आहेस का? नाही. तू? नाही. गाजलेला आवाज बाहेर, दुसरा बाहेर, तिसरा बाहेर. अहो, बोकडसुद्धा कुठेतरी "अरे बापरे" म्हणायला गेला होता! आणि सगळे गेल्यावर वजा शंभरवाली एकटी उभी. यादीत एकच नाव असेल तर त्याचा नंबर पहिलाच असतो, मग गुण काही का असेनात.

"बिघडलं नाही, भावजी. येते मी. पण आधी ते वजा शंभर काढा."

"त्याला मंडलाची मीटिंग घेवाला लागंल."

"घ्या की निवांत. तोवर मी आहे तशी येते."

रविवारी मी पैठणी नेसले. भर उन्हात, शेतात, धूळ उडत असताना. मंडपात भाची स्कोअररच्या शेजारी लॅपटॉप घेऊन आली होती, बोलत होती आता माझ्याशी. मी माईक हातात घेतला, दोनदा टकटक केलं आणि म्हणाले:

"सज्जनहो, मातांनो, आणि पॅड बांधूनही घाम फुटलेल्या खेळाडूंनो, नमस्कार! आज आपल्यासोबत आहे वजा शंभर गुणांची समालोचक. का वजा, ते आपल्या अध्यक्षांना विचारा. ते आत्ता सलामीला येताहेत."

मैदानभर माना वळल्या. आज्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. मग मी कामाला लागले आणि दर षटक संपलं की धावफलक सांगितला. यजमान संघाच्या धावा इतक्या, गडी इतके, समालोचक वजा शंभर. तिसऱ्या षटकापासून पोरं माझ्या आधीच ओरडायला लागली, "वजा शंभर!" कुंपणावर बसलेल्या बायकांनी तर त्यावर ताल धरला. जोडीदार दर षटकाच्या शेवटी एक धाव काढून अध्यक्षांना वाचवत होता, म्हणून ते अजून खातं न उघडता दुसऱ्या टोकाला उभे होते आणि दर वेळी हेल्मेट थोडं अधिक खाली ओढत होते. टेनिस बॉलला हेल्मेट लागत नाही. त्यांनी ते चेहऱ्यासाठीच घातलं असणार.

अखेर त्यांच्यावर चेंडू आला. सरळ, बिचारा, घरी जाऊन जेवावं असा चेंडू. त्यांनी बॅट अशी फिरवली की वाऱ्याने पंचांची टोपी हलली. मधली यष्टी आडवी.

लोकांना अपेक्षा होती, सगळं मैदान भोंग्याकडे कान लावून होतं, आणि मी नुसता एक सुस्कारा सोडला, माईकमध्ये. तो चिरनेरपर्यंत ऐकू गेला असेल.

अध्यक्ष बॅट काखेत घेऊन चालत निघाले, ते त्यांच्या तंबूकडे गेले नाहीत, सरळ आमच्या मंडपात आले, आणि मागोमाग तंबूतले बाकीचेही. हेल्मेट काढलं. भाचीसमोर उभे राहिले.

"काढ गं ता वजा शंभर एकदाचा."

"मीटिंग, काका?"

"हीच मीटिंग. मी हाय ना अध्यक्ष? आनि माज्या मागं बघ, सगलं मंडल उभं हाय पॅड बांधून. काढ. सगल्या बायांचा काढ."

भाचीने दोन बटणं दाबली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी माईक तोंडाशी नेला.

"मंडळी, धावफलकात बदल. आपले अध्यक्ष शून्यावर बाद. समालोचकही आता शून्यावर." मी भावजींकडे पाहिलं. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसत होते, चहाचा कप शोधत. "फरक एवढाच, की समालोचक अजून खेळते आहे."